वेळेवर झालेल्या चार इमारती

इमारती उशिरा का पूर्ण होतात, या विषयावरचा तारीखबाईंचा प्रबंध उशिरा पूर्ण झाला. यावर विनोद करण्याचा हक्क त्यांनी फक्त घरच्यांना दिला होता; बाकीच्यांनी तो न विचारता घेतला. विद्यापीठाच्या लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना, प्रत्येकाला तो विनोद जगात पहिल्यांदाच सुचल्यासारखा सुचे, आणि तारीखबाई तो पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसत. संशोधनाला चिकाटी लागते म्हणतात, ती बहुधा हीच.

त्याआधीची वीसेक वर्षं त्यांनी बांधकामाच्या साइटवर काढली होती. काम नियोजनाचं. पाया कधी भरायचा, स्लॅब कधी पडणार, खिडक्या कधी येणार, रंगारी कधी आत शिरणार आणि त्याने रंगवलेल्या भिंतीला प्लंबरने कधी भोक पाडायचं, हे सगळं आधीच कागदावर मांडून प्रत्येकाला तारीख द्यायची. म्हणून तारीखबाई. हे नाव तोंडावर कुणी घेत नसे, म्हणजे ते पक्कं झालं होतं.

एवढ्या वर्षांत त्यांनी आखलेलं एकही वेळापत्रक जसंच्या तसं खरं झालं नाही. आयुष्यभर स्थळं सुचवणाऱ्या माणसाला एकही जोडपं सुखात दिसू नये, तशी त्यांची अवस्था होती. दुसरं कुणी असतं तर वैतागून नोकरी बदलली असती. तारीखबाईंना कुतूहल वाटलं. चाळिशी उलटल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बांधकाम व्यवस्थापनात पीएच.डी.ला नाव घातलं. नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो म्हणाला, "कारण मी आत्ताच सांगतो. लोक वेळेवर कामं करत नाहीत." तारीखबाई म्हणाल्या, "हे लिहायला तीनशे पानं लागतात." तीनशेची पुढे चारशे झाली, पण मुद्दा तोच राहिला.

अभ्यासाची पद्धत साधी होती. अठरा इमारती निवडायच्या. प्रत्येकीची ठरलेली तारीख घ्यायची, प्रत्यक्ष ताबा दिल्याची तारीख घ्यायची, मधलं अंतर म्हणजे उशीर. मग त्या उशिराचे आईबाप शोधायचे. अठरापैकी चौदा इमारतींनी अपेक्षाभंग केला नाही. त्या भरपूर उशिरा झाल्या होत्या. चार मात्र अगदी ठरल्या दिवशी पूर्ण झालेल्या निघाल्या. एक रुग्णालय, एक शाळा, एक सरकारी कचेरी आणि फ्लॅटची एक इमारत.

या चौघींनी प्रबंधाला जीव आणला. त्यांच्यावर अख्खं सहावं प्रकरण उभं राहिलं. त्या वेळेवर का झाल्या, याची कारणं तारीखबाईंना भराभर सापडत गेली: दर आठवड्याची बैठक, नीटनेटकं गोदाम, कंत्राटदाराचा अनुभव. कारणं शोधायला बसलं की ती सापडण्याची अडचण सहसा येत नाही. हे प्रकरण त्यांनी एका परिषदेत वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या आणि चहाच्या वेळी तीन अनोळखी माणसांनी त्यांचा फोन नंबर घेतला. त्यांच्या गाइडना तर ते प्रकरण फारच आवडलं. या गाइडना विद्यार्थी बघू सर म्हणत. कोणत्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असे. सहावं प्रकरण वाचून मात्र ते "छान" म्हणाले होते. विभागात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही.

मौखिक परीक्षेची तारीख ठरली. परीक्षेला काही आठवडे उरले असताना तारीखबाईंनी एका रविवारी जेवणाच्या टेबलाशी रंगीत तालीम केली. श्रोते तीन: नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई. सासूबाईंना विषयात रस नव्हता, पण सुनेचं बोलणं अर्ध्यात उठून जाण्याजोगं नसतं हे त्या जाणून होत्या.

"आई, तू पडद्याकडे बघून बोलतेयस," लेक म्हणाली.

"पडदा कुठाय? ती फ्रिजची बाजू आहे."

"तिकडेच बघतेयस."

तारीखबाई वळल्या आणि सहाव्या प्रकरणावर आल्या. आपल्याच भागातलं रुग्णालय, म्हणाल्या, ठरलेल्या दिवशी पूर्ण, उशीर शून्य.

"कुठलं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"तलावाच्या अलीकडचं, आई. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं ते."

"ते? ते कुठलं वेळेवर. माझा डोळा जुन्या इमारतीत झाला. नव्या इमारतीत करायचं म्हणून मला थांबवून ठेवलं होतं, आज होईल उद्या होईल. शेवटी डॉक्टरच म्हणाले, आजी, इमारतीच्या नादी लागलात तर दुसराही पिकेल."

"आजी, तुझी काहीतरी गल्लत होतेय," लेक म्हणाली. "आईने चार वर्षं अभ्यास केलाय."

"मग केला असेल. डोळा माझा होता."

नवऱ्याने खाकरून घसा साफ केला. त्यालाही आठवत होतं. आईला घेऊन तो दोनदा गेला होता आणि दोनदा परत आला होता. एवढे दिवस तो हे का बोलला नाही, असं तारीखबाईंनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "तू शून्य म्हणालीस. मला वाटलं तुमच्यात शून्याची व्याख्या वेगळी असेल."

तारीखबाईंनी हसण्याचा प्रयत्न केला आणि फाइल उघडली. रुग्णालयाच्या वेळापत्रकाचा फोटो त्यांनीच काढला होता, साइट ऑफिसच्या भिंतीवरून. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं: सुधारणा क्रमांक सात. शाळेच्या फोटोत: सुधारणा क्रमांक पाच. कचेरी, फ्लॅट, तेच.

साइटवर एक नियम असतो आणि त्याच्यापुढे बाकीचे सगळे नियम दुय्यम असतात: नवी प्रत आली की जुनी नाहीशी करायची. गवंड्याच्या हातात जुना नकाशा राहिला तर जिथे जिना हवा तिथे संडास उभा राहतो. म्हणून जुन्या प्रती गोळा करून फाडायच्या, भिंतीवर फक्त शेवटची लावायची, आणि शेवटच्या प्रतीवरच विश्वास ठेवायचा. तारीखबाईंच्या तर ते रक्तात भिनलं होतं. कुणाच्या टेबलावर जुनी प्रत दिसली की त्या समोरच्याशी बोलता बोलता ती फाडून टाकत. समोरच्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. चौदा ठिकाणी करारासोबत बांधलेलं पहिलं वेळापत्रक त्यांच्या हाती लागलं होतं. उरलेल्या चार ठिकाणी त्यांनी सवयीने भिंतीकडे पाहिलं आणि सर्वांत ताजी प्रत घेतली. काम रेंगाळलं की तारीख पुढे ढकलायची आणि नवी प्रत काढायची, हे त्यांनी स्वतः किती वेळा केलं होतं. सातव्या वेळी ढकललेली तारीख कामाला गाठता येते, कारण तोवर काम जवळजवळ संपलेलंच असतं. कॉलेजातून थेट संशोधनाला बसलेल्या पोराच्या हातून ही चूक झाली नसती. ताज्या प्रतीला मुजरा करायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

म्हणजे चार इमारती वेळेवर झाल्याच नव्हत्या. आणि त्या वेळेवर का झाल्या याची कारणं साठ पानांत, तळटिपांसह, तयार होती.

दुसऱ्या दिवशी त्या बघू सरांच्या खोलीत बसल्या. सरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तारीखबाई "बघू" ची वाट पाहत होत्या.

"आता काही बघायचं नाही," सर म्हणाले. "प्रबंध परीक्षकांकडे गेलाय. मुदतवाढीचे तुमचे सगळे अर्ज संपलेत. ही परीक्षा हुकली तर नोंदणी रद्द, मग पुन्हा पहिलीपासून. बसायचं, बोलायचं, उठायचं."

"आणि सहावं प्रकरण?"

"विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर..." सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं. "बाहेरून येणाऱ्या बाई फार बारीक वाचतात म्हणतात. पण म्हणणारे काय, काहीही म्हणतात."

"सर, हे मला जमायचं नाही. इमारत पडत नाही म्हणून खोटा खांब ठेवून द्यायचा?"

"मग खरा आणा. पहिल्या तारखा मिळवा, परीक्षेआधी शुद्धिपत्र द्या, मी सही करतो. पण नुसतं 'चुकलं' म्हणून येऊ नका. नुसत्या चुकीवर मला सही करता येत नाही."

तारीखबाई बाहेर पडल्या त्या थेट कंत्राटदारांच्या ऑफिसांकडे. पहिल्या ठिकाणी कपाट उघडून दाखवलं गेलं. आत सुधारणा क्रमांक सात आणि एक छत्री. दुसऱ्या ठिकाणी त्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक इंजिनिअर आता मोठ्या खुर्चीत बसला होता. त्याने बाईंना पाणी दिलं, चहा दिला, आणि जुन्या प्रतीचं नाव काढल्याबरोबर त्याचा चेहरा दुखावला गेला.

"मॅडम, माझ्या ऑफिसात जुनी प्रत? तुम्ही हे विचारताय?"

"चुकून राहिली असेल एखादी."

"चुकूनसुद्धा नाही. तुमच्याकडे शिकलोय मी." तो अभिमानाने म्हणाला, आणि त्यांना दारापर्यंत सोडायला आला.

मालकांच्या कचेऱ्यांतही तेच झालं. सगळ्यांनी जुन्या प्रती नियमाप्रमाणे नष्ट केल्या होत्या. या क्षेत्रात सगळीकडे पाळला गेलेला एकच नियम तारीखबाईंना सापडला, आणि तो नेमका नको तेव्हा.

दोन-तीन दिवस त्या घरात भूत फिरावं तशा फिरल्या. मीठ दोनदा पडू लागलं, कधी पडेचना. सासूबाईंनी एकदा निमूटपणे आळणी भाजी खाल्ली आणि मग म्हणाल्या, "तुझं काय अडलंय ते मला कळत नाही. पण त्या इमारतीत मला कधी बोलावलं होतं ते हवं असेल तर सांगते. सुट्टी लागायच्या आदल्या सोमवारी. कारण त्या दिवशी तुझी नणंद यायची होती माझ्याबरोबर, आणि तिने तिकीट काढलेलं. ते फुकट गेलं, आणि ती अजून मला बोलून दाखवते."

तारीखबाईंचा हात ताटातच थांबला. कागद फाडणाऱ्यांनी कागद फाडले होते. पण तारीख फक्त कागदावर नसते. ज्याने ती दिली तो विसरतो, ज्याने बदलली तो विसरतो. जो त्या तारखेवर काहीतरी टांगून बसलेला असतो, त्याला ती पाठ असते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या रुग्णालयात गेल्या. मुख्य परिचारिका औषधांचं कपाट लावत होत्या. इमारत आधी कधी मिळणार होती, असं विचारल्यावर त्यांनी मान न वळवता तारीख सांगितली.

"एवढी पक्की कशी आठवते?"

"त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही अख्खा वॉर्ड खोक्यांत भरला होता. आणि मग पुढचं जवळजवळ वर्षभर खोक्यांतूनच चालवला. थर्मामीटर सातव्या खोक्यात, ही गोष्ट मी झोपेतसुद्धा सांगेन." त्या वळल्या. "तुम्ही तेव्हाच्या कंत्राटदाराच्या का?"

"नाही, नाही. मी अभ्यास करतेय."

"मग बसा."

तारीखबाई बसल्या. वॉर्डातल्या आणखी तिघींना त्यांनी वेगवेगळं गाठून विचारलं, एकीचं दुसरीच्या कानावर जाणार नाही असं. तिघींची एकच तारीख आली. सासूबाईंचा सोमवार त्याच आठवड्यातला निघाला.

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी शेवटच्या वर्गाला शब्द दिला होता की तुमचं शेवटचं वर्ष नव्या इमारतीत. तो वर्ग जुन्या पत्र्याखालून पास होऊन गेला. "त्यातली एक मुलगी उद्घाटनाला आली होती," त्या म्हणाल्या, "कडेवर मूल घेऊन. मला म्हणाली, बाई, माझ्या लेकाचं नाव घाला, याला तरी मिळेल. लोक हसले. मी हसले नाही." त्यांनीही महिना सांगितला, आठवडा सांगितला. त्याच वेळचे दोन शिक्षक, एक शिपाई आणि ती मुलगी स्वतः, सगळ्यांनी वेगवेगळ्या तोंडांनी तोच सांगितला.

फ्लॅटच्या इमारतीत तारीखबाई भीतभीतच शिरल्या, कारण तिथले रहिवासी एकमेकांशी बोलत नसत. गाड्या लावण्यावरून दोन तट होते आणि पाण्याच्या वेळेवरून तीन. पण ताब्याची पहिली तारीख कोणती, या एका प्रश्नावर तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकमत होतं. एका निवृत्त गृहस्थांनी दार उघडताच तारीख सांगितली. प्रश्न अजून पुरा व्हायचा होता. त्यांच्या पत्नीने आतून दुरुस्त केलं: "सकाळी अकरा वाजता म्हणाले होते."

"आमचं भाड्याचं घर त्या दिवशी सोडायचं ठरलं होतं," गृहस्थ म्हणाले. "मग मेहुण्याकडे राहिलो. चार दिवस म्हणून गेलो होतो."

"किती राहिलात?"

"मेहुण्याला विचारा," आतून आवाज आला. "त्याने मोजलेत."

सरकारी कचेरीत मात्र काहीच हाती लागलं नाही. तिथे कुणालाच पहिली तारीख आठवत नव्हती, दुसरी नाही, शेवटचीही नाही. खोदून विचारल्यावर हेडक्लार्कने खरं काय ते सांगितलं. नवी जागा गावाबाहेर होती, जुनी स्टेशनजवळ. इथे यायचं कुणाच्याच मनात नव्हतं. "आमचं म्हणणं, सावकाश होऊ दे," तो म्हणाला. त्या इमारतीची वाट कुणी पाहिलीच नव्हती. तारीखबाईंनी तिला अभ्यासातून वगळलं आणि का वगळलं ते शुद्धिपत्रात एका ओळीत लिहिलं. ती ओळ लिहिताना त्यांना बऱ्याच दिवसांनी हसू आलं. बघू सरांनी शुद्धिपत्र वाचलं, त्या ओळीवर थोडे रेंगाळले आणि सही केली.

परीक्षेच्या दिवशी खोलीत पंखा जास्त आणि हवा कमी होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कृश होत्या, पांढरे केस आखूड कापलेले, समोर प्रबंधाची प्रत आणि तिच्यातून डोकावणाऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या. सहाव्या प्रकरणाशी चिठ्ठ्या जास्त दाटल्या होत्या. मांडणी सुरू करायला सांगितल्यावर तारीखबाई म्हणाल्या, "आधी सहाव्या प्रकरणाबद्दल सांगते. ते चुकलंय."

बघू सर टेबलावरच्या पाण्याच्या भांड्याकडे एकाग्रतेने पाहू लागले. तारीखबाईंनी सगळं सांगितलं. भिंतीवरची प्रत, साइटची सवय, फाडलेले कागद, आणि मग खोकी, पत्र्याखालचा वर्ग, मेहुणा.

"म्हणजे इमारती वेळेवर होण्याची तुम्ही दिलेली कारणं?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"कारणं बरी आहेत. इमारती वेळेवर झाल्या नाहीत, एवढंच."

"लोकांच्या आठवणीवर किती विसंबायचं? माणसं दोष द्यायचा असला की तारखा मागे ओढतात."

"ओढतात. म्हणून प्रत्येकाला वेगळं विचारलं. ओढलेल्या तारखा असत्या तर प्रत्येकाने आपापल्या सोयीने ओढल्या असत्या, सगळ्यांच्या एकाच दिवशी आल्या नसत्या. फ्लॅटच्या इमारतीत तर लोकांचं पाण्याच्या वेळेवरही एकमत होत नाही."

परीक्षक बाईंनी चिठ्ठीच्या जागी प्रबंध उघडला आणि तारीखबाईंकडे वळवला. परिशिष्टातला रुग्णालयाचा फोटो. खालच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांभोवती पेन्सिलीने गोल काढला होता. चारही फोटोंवर तसेच गोल होते.

"मी हे विचारायला आले होते," त्या म्हणाल्या. "गाडीत बसल्यापासून प्रश्न तयार होता. तुम्ही इमारतींची बाजू मांडू लागला असतात तर आपण पाचव्या मिनिटाला उठलो असतो." त्यांनी चिठ्ठ्या एकेक करून काढल्या आणि टेबलाच्या कडेला ठेवल्या. "आता निदान चहा गरम असताना पिता येईल. ते मेहुण्याचं पुन्हा सांगा. आणि कचेरीचं. ज्या इमारतीची कुणी वाट पाहत नाही तिला उशीर होतो का, हा प्रश्न तुम्ही एका ओळीत टाकलाय. तो एक वेगळा लेख आहे."

मग चर्चा खूप वेळ चालली, आणि त्यातलं तारीखबाईंना पुढे फारसं आठवलं नाही. निर्णय आठवला: प्रबंध मंजूर, सहावं प्रकरण नव्याने लिहून द्यायचं, जुनं काढून टाकायचं.

"काढून टाकायचं नाही," परीक्षक बाईंनी जाता जाता दुरुस्ती केली. "मागे जोडा. पुढच्यांना कळू दे."

बघू सरांनी दारात हात पुढे केला. त्यांचा हात ओलसर होता. तोवर तारीखबाईंना वाटत होतं की घाम फक्त आपल्यालाच फुटला.

बाहेर ऊन होतं. नवऱ्याचा तास चालू असणार म्हणून त्यांनी नुसता निरोप पाठवला: झालं. लगेच उत्तर आलं, म्हणजे तो वर्गात फोन हातात धरूनच उभा होता, जे तो मुलांना कधी करू देत नसे. त्याने लिहिलं होतं, "शून्य?" तारीखबाईंनी लिहिलं, "नाही. पास."

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. मांडीवर प्रबंध होता, त्यावर पर्स, पर्सवर दोन्ही हात. काचेला डोकं टेकवलं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की कित्येक महिन्यांत आपण मान सैल सोडली नव्हती. ती आता आपोआप सुटली, मग खांदे सुटले, मग जबडा. समोरच्या बाईंचं बाळ त्यांच्याकडे टक लावून पाहत होतं. त्याच्याकडे पाहता पाहता त्यांचा डोळा लागला. त्यांचा थांबा आला आणि गेला.

कंडक्टरने खांद्याला हात लावला तेव्हा बस रिकामी होती.

"ताई, शेवटचा थांबा. कुठं उतरायचं होतं?"

त्यांनी थांब्याचं नाव सांगितलं. तो हसला. "ते मागंच राहिलं. उतरू नका, बसा. हीच गाडी परत जाते."

तो चहाला गेला. ड्रायव्हरही गेला. रिकाम्या बसमध्ये इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं. तारीखबाईंनी पाय समोरच्या सीटखाली लांब केले, प्रबंध बाजूच्या सीटवर ठेवला आणि पुन्हा डोळे मिटले.